बॉब मार्ली : चौदा गाण्यांत न मावलेला माणूस

मे महिना म्हणजे आपल्यासाठी बुद्ध पौर्णिमेचा महिना. याच महिन्यात गाण्याशी नाते सांगणारे दोन स्मृतिदिन चार दिवसांच्या अंतराने येतात. १५ मे हा महाकवी वामनदादा कर्डक यांचा स्मृतिदिन आपल्या वस्त्यांत ठाऊक आहे. त्याआधीचा ११ मे हा बॉब मार्लीचा. तो दिवस आपल्याकडे कोणी पाळत नाही, पण त्याचा चेहरा भंडाऱ्याच्या पोरांना नवा नाही. खांद्यावर रुळणाऱ्या जटा, हसरे डोळे, मागे लाल, पिवळा आणि हिरवा रंग. टी-शर्टवर, मोटारसायकलच्या स्टिकरवर, मोबाइलच्या कव्हरवर हा माणूस आपल्या जिल्ह्यापर्यंत पोहोचला आहे.

त्याची गाणी ऐकणारेही आपल्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी ती एकाच संग्रहातून ऐकलेली असतात. 'लेजंड' हे त्या संग्रहाचे नाव. मार्ली गेल्यावर तीन वर्षांनी, मे १९८४ मध्ये, त्याच्या कंपनीने त्याची गाजलेली चौदा गाणी निवडून तो काढला. जगभरात त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये तो सलग बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. आजही दरवर्षी नवी पिढी मार्लीच्या घरात याच दाराने शिरते.

आम्हालाही हा संग्रह मनापासून आवडतो. शब्द पूर्ण कळले नाहीत तरी मान डोलू लागते. पण ज्या माणसाची ही गाणी आहेत त्याचे आयुष्य वाचल्यावर लक्षात येते, की या चौदा गाण्यांत तो पुरता मावलेला नाही. काय घेतले, काय वगळले आणि कोणी वगळले, हे समजून घ्यायला हवे. कारण गाण्यांची निवड आपणही करतो. दर १४ एप्रिलला, दर १४ ऑक्टोबरला करतो.

उसाच्या मळ्यांचे बेट

मार्ली जन्मला जमैकात. कॅरिबियन समुद्रातले हे बेट, इंग्रजांच्या ताब्यातले. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांना तिथे उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबवले गेले. १८३४ मध्ये गुलामी बंद करणारा कायदा लागू झाला आणि १८३८ मध्ये ते लोक प्रत्यक्षात मोकळे झाले. मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा इंग्रजांनी दुसरीकडे नजर वळवली. १८४५ च्या मे महिन्यात भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचे पहिले जहाज जमैकाला लागले. त्यांत बहुतेक उत्तर भारतातले गरीब लोक होते. म्हणजे मार्लीच्या बेटाच्या मातीत आपल्या देशातल्या मजुरांचाही घाम आहे. गांजा हा शब्दही तिथे भारतातूनच गेला, आणि आजही तिथे तो याच नावाने ओळखला जातो.

६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट ॲन परगण्यातल्या नाइन माइल या डोंगराळ खेड्यात रॉबर्ट नेस्टा मार्लीचा जन्म झाला. आई सेडेला काळी, शेतकरी घरातली, अठरा वर्षांची. वडील नॉरव्हल मार्ली गोऱ्या वंशाचे, साठीच्या घरातले. त्यांनी लग्न केले, पण संसार केला नाही. मुलाने बापाला फार थोडा वेळ पाहिले. बॉब दहा वर्षांचा असताना ते वारले.

गोऱ्यांच्या घराने त्याला आपले म्हटले नाही, आणि काळ्या वस्तीतली मुले त्याला गोऱ्याचा पोरगा म्हणून चिडवत. दोन्ही उंबऱ्यांवर परका असण्याचे दुःख काय असते, हे जन्मावरून माणूस तोलणाऱ्या समाजात वाढलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. पुढे त्याने स्वतःला आफ्रिकेच्या लेकरांत मोजले आणि आयुष्यभर त्याच ओळखीने जगला.

ट्रेंचटाउनची शाळा

बॉब बारा वर्षांचा असताना आई त्याला घेऊन राजधानी किंग्स्टनला आली. ते राहिले ट्रेंचटाउनमध्ये. सांडपाण्याच्या चराजवळची, गरिबांनी खच्चून भरलेली वस्ती. एका सामायिक अंगणाभोवती खोल्या, अंगणातच चूल, तिथेच नळ, तिथेच भांडण आणि तिथेच गाणे. मुंबईच्या चाळी किंवा नागपूरच्या जुन्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना हे चित्र लगेच उमगेल.

शाळा लवकर सुटली. आईने त्याला वेल्डिंगच्या कामाला लावले. एकदा लोखंडाचा कण डोळ्यात गेला, आणि तिथून त्याने ते काम सोडून गाण्याचीच वाट धरली. वस्तीतलाच जो हिग्ज नावाचा गायक पोरांना आवाज कसा लावायचा, सूर एकमेकांत कसे मिसळायचे, हे शिकवत असे. फी वगैरे काही नाही. व्हिन्सेंट फोर्ड नावाचा मित्र वस्तीत भुकेल्यांसाठी रांधत असे. बॉब त्याच्याकडे जेवलाही आणि झोपलाही. पुढे जगभर गाजलेल्या एका गाण्यावर, जे एका रडणाऱ्या बाईची समजूत काढते, बॉबने गीतकार म्हणून या फोर्डचे नाव लावले. गाणे विकले गेले की त्याचा पैसा त्या मित्राकडे जावा, हा त्यामागचा हेतू होता असे मानले जाते. हे गाणे 'लेजंड'मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आहे. ऐकताना आपण डोळे मिटून डोलतो, पण त्यात वस्तीचे अंगण आहे, शेकोटी आहे, वाटून खाल्लेली लापशी आहे.

१९६३ मध्ये बॉब, पीटर टॉश आणि बनी वेलर या तिघांनी आणखी साथीदारांसह 'वेलर्स' हा गट बांधला. त्यांचे पहिले गाजलेले गाणे वस्तीतल्या दंगेखोर पोरांना शांत राहा असे सांगणारे होते. गाणी बेटभर वाजू लागली, पण पैसा स्टुडिओच्या मालकाकडे जाई. १९६६ मध्ये रीटाशी लग्न झाल्यावर तो काही महिने अमेरिकेत आईकडे गेला आणि तिथे मोटारींच्या कारखान्यात मजुरी केली. थोडी पुंजी जमवून परत आला.

स्वतःचा देव शोधणारे लोक

याच काळात बॉब रास्ताफारी पंथाकडे वळला. हा पंथ समजल्याशिवाय मार्ली समजत नाही.

त्याच्याच सेंट ॲन परगण्यात १८८७ मध्ये मार्कस गार्वी जन्मले होते. काळ्या माणसाने मान वर करावी, आफ्रिकेकडे पाहावे, आपला इतिहास आपण लिहावा, हे गार्वींनी शिकवले. १९३० मध्ये इथिओपियात हैले सेलासी सम्राट झाले, तेव्हा जमैकातल्या काही गरिबांनी त्यांच्यात आपला तारणहार पाहिला. मालकाने दिलेला गोरा देव त्यांनी नाकारला. जटा राखल्या, मांस आणि दारू वर्ज्य केली, आणि ज्या व्यवस्थेने त्यांना गुलाम केले तिला बॅबिलोन हे नाव दिले. सरकार आणि पोलीस त्यांना हाकलत, मारत, जटा कापत.

धर्माने दिलेले हीनपण धर्म सोडूनच फेकता येते, हे आपल्या समाजाने भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी करून दाखवले. त्यामुळे रास्ता लोकांची तळमळ आम्हाला परकी वाटत नाही. फरकही तितकाच स्पष्ट सांगितला पाहिजे. त्यांनी जिवंत राजाला देव केले. बाबासाहेबांनी आपल्याला देवच दिला नाही, तर धम्म दिला, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि स्वतःचीही पूजा होऊ नये याची काळजी घेतली. रास्ता लोक गांजाला पवित्र मानतात. आपले पाचवे शील नशेपासून दूर राहायला सांगते. मार्लीच्या चित्राखाली गांजाचे पान छापून ते छातीवर मिरवणाऱ्या आपल्या पोरांनी एवढे तरी जाणून घ्यावे, की त्या माणसाकडून घेण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे.

साथीची जादू

१९७२ मध्ये लंडनच्या आयलंड कंपनीचा मालक ख्रिस ब्लॅकवेल याने वेलर्सना चार हजार पौंड आगाऊ दिले. हे पैसे बुडाले असे लोक त्याला म्हणाले. गट जमैकाला गेला आणि अख्खा अल्बम तयार करून परत आला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहत होती, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. समुद्राच्या दोन टोकांना एकाच वयाची पोरे एकच प्रश्न विचारत होती. त्याच्या कितीतरी आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून आपल्या दोन समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते.

रेगे संगीत कानाला इतके का लागते? आपल्या ओळखीच्या ठेक्याशी तुलना केली तर कळते. ढोलकीच्या गाण्यात आपण जिथे टाळी देतो त्या जोराच्या जागी रेगेत बहुतेक वेळा मोकळी जागा असते. गिटार मधल्या, उचललेल्या मात्रेवर टिचकी मारते. ढोल तिसऱ्या मात्रेवर एकदाच दणका देतो. आणि खाली बास गिटार जणू स्वतःच गाणे म्हणत चालते. मार्लीच्या गटात कार्ल्टन आणि ॲस्टन बॅरेट हे दोन भाऊ ढोल आणि बास सांभाळत. मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे ऐकणाऱ्याचे अंग आपोआप तिथे पाऊल टाकते. वर धृपद छोटे, सोपे, पुन्हा पुन्हा येणारे. मागे कोरसमध्ये रीटा, मार्सिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट या तिघी. गायक एक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो. भीमगीतांच्या कार्यक्रमात तिसऱ्या फेरीला अख्खा मंडप धृपद म्हणू लागतो, तसेच हे. भाषा न कळणारा माणूसही त्यात सामील होतो. 'लेजंड'च्या ओढीचे पहिले कारण हेच आहे, आणि ते खरे आहे. त्याला कमी लेखायचे कारण नाही.

पण पहिल्या अल्बमपासूनच गोऱ्या श्रोत्यांच्या कानाला रुचेल अशी थोडी कलाकुसर लंडनला वरून चढवली गेली होती. पुढे १९७४ मध्ये पीटर आणि बनी गट सोडून गेले. त्याच वर्षी गोरा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याने मार्लीचे एक गाणे गायले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. गाणे वस्तीचे, पण शिखरावर आधी दुसऱ्याचा आवाज पोहोचला.

गोळ्या, आणि दोन दिवसांनी गाणे

१९७५ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहातल्या कार्यक्रमाची ध्वनिफीत निघाली आणि मार्लीचे नाव सर्वत्र झाले. १९७६ च्या अल्बममध्ये त्याने एक वेगळेच गाणे केले. हैले सेलासी यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत वंशभेदाविरुद्ध केलेले भाषण जवळजवळ तसेच उचलून त्याने चालीवर बसवले. एका वंशाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला हीन मानणारा विचार संपेपर्यंत जगात शांतता येणार नाही, असा त्याचा आशय. कातडीच्या रंगाच्या जागी जात ठेवली तर ते गाणे आपलेच होते.

त्या वर्षी जमैकात निवडणूक होती. मायकल मॅन्ली यांचा पक्ष सत्तेत, एडवर्ड सिआगा यांचा विरोधात, आणि दोघांच्या नावाने वस्त्यांत बंदुका चालत. मार्लीने किंग्स्टनमध्ये विनामूल्य कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या दोन दिवस आधी, ३ डिसेंबर १९७६ च्या रात्री, बंदूकधारी त्याच्या घरात शिरले. त्याच्या छातीला आणि दंडाला गोळी चाटून गेली, रीटाच्या डोक्याला लागली, व्यवस्थापक गंभीर जखमी झाला. ५ डिसेंबरला मार्ली तरीही हजारोंच्या गर्दीपुढे उभा राहिला आणि गायला. मग देश सोडून लंडनला गेला.

लंडनच्या त्या मुक्कामात 'एक्सोडस' हा अल्बम तयार झाला. १९७७ मध्ये तो आला. १९९९ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्याला विसाव्या शतकातला सर्वोत्तम अल्बम ठरवले. 'लेजंड'च्या चौदांपैकी पाच गाणी एकट्या या अल्बममधली आहेत.

१९७८ मध्ये तो मायदेशी परतला आणि एप्रिलमध्ये शांततेसाठी भरवलेल्या कार्यक्रमात त्याने मॅन्ली आणि सिआगा या दोघांना रंगमंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. ते छायाचित्र जगभर गेले. हिंसा मात्र थांबली नाही. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात जमैकात शेकडो माणसे मारली गेली. गाणे मनाची कवाडे उघडू शकते, पण संघटनेचे आणि कायद्याचे काम गाण्याला एकट्याने करता येत नाही. तिथेही आणि इथेही.

आफ्रिकेच्या मैदानावर

१९७९ चा 'सर्व्हायव्हल' हा त्याचा सर्वांत स्पष्ट बोलणारा अल्बम. मुखपृष्ठावर आफ्रिकी देशांचे झेंडे आणि त्यांच्यामध्ये गुलामांना नेणाऱ्या जहाजात माणसे कशी रचत त्याचा आराखडा. त्यात गोऱ्यांच्या राजवटीशी लढणाऱ्या झिंबाब्वेवर एक गाणे होते. तिथले लढवय्ये ते गाणे ऐकत.

एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला आणि त्या सोहळ्याला मार्लीला बोलावले गेले. सामान नेण्याचा मोठा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला. मैदानात पाहुणे आणि पुढारी, बाहेर हजारो गरीब. ते आत घुसू लागले तसा पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो मंचापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी मार्लीने त्याच मैदानावर सगळ्यांसाठी पुन्हा कार्यक्रम केला. ज्यांच्यासाठी गाणे होते ते बाहेर राहिले, हे त्याला चालले नाही. आमच्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा दिवस.

शेवट

१९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्यात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला. पंथाच्या समजुतीत शरीराचा अवयव कापणे बसत नव्हते, म्हणून त्याने नकार दिला आणि छोट्या शस्त्रक्रियेवर भागवले. रोग आतून पसरत गेला. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला धावताना तो कोसळला. दोन दिवसांनी पिट्सबर्गला त्याने शेवटचा कार्यक्रम केला. जर्मनीत काही महिने उपचार झाले. मायदेशी परतताना मायामीत, ११ मे १९८१ रोजी, तो गेला. वय ३६.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. श्रद्धेने त्याला बळ दिले, आणि त्याच श्रद्धेने वेळेवर उपचार घेऊ दिले नाहीत. तपासून पाहा, पटले तरच स्वीकारा, असे शिकवणाऱ्या बुद्धाच्या लेकरांनी हे दुःखाने आणि स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. त्याच्या घरसंसाराची बाजूही उजळ नाही. त्याला अनेक स्त्रियांपासून मुले झाली आणि त्याचे ओझे रीटाने वाहिले. माणूस मोठा म्हणून त्याचे सगळेच मोठे होत नाही.

२१ मे १९८१ ला शासकीय इतमामात अंत्यविधी झाला. श्रद्धांजलीचे भाषण केले पंतप्रधान सिआगा यांनी. ज्या राज्यव्यवस्थेने रास्तांच्या जटा कापल्या तिनेच जटाधारी गायकाला मानवंदना दिली. त्याचा देह नाइन माइलला, जन्माच्या गावी नेऊन ठेवला. त्याने मृत्युपत्र केले नव्हते. मालमत्तेचे आणि गाण्यांच्या हक्कांचे वाद पुढे कितीतरी वर्षे कोर्टात चालले.

चौदा गाणी कोणी निवडली

आता 'लेजंड'कडे येऊ. १९८४ मध्ये आयलंड कंपनीचा कारभार डेव्ह रॉबिन्सन याच्याकडे होता. मार्लीचे नाव इतके मोठे, मग रेकॉर्ड त्या मानाने कमी का खपतात, हा त्याचा प्रश्न. त्याने गोऱ्या मध्यमवर्गीय श्रोत्यांची चाचपणी करून घेतली. त्यांना चाली आवडत होत्या, पण बंडाची आणि वंशाची भाषा नको होती. मग निवड त्यांच्या कलाने झाली. प्रेमाची, दिलाशाची आणि एकोप्याची गाणी पुढे आली. मुखपृष्ठावर शांत, विचारात गढलेला चेहरा आला.

मूळ रेकॉर्डवरची चौदा गाणी कोणत्या अल्बममधली आहेत, ते एकदा मोजून पाहावे. भाषणावर बेतलेले ते गाणे ज्यात आहे, त्या १९७६ च्या अल्बममधले एकही नाही. आफ्रिकेच्या झेंड्यांच्या 'सर्व्हायव्हल'मधले एकही नाही. म्हणजे झिंबाब्वेच्या मैदानावर ज्या गाण्यासाठी त्याला बोलावले, तेच संग्रहातून गळाले.

सगळेच काढता आले नाही, हेही खरे. आपल्या हक्कासाठी उभे राहा असे सांगणारे गाणे त्यात आहे. अमेरिकेच्या सैन्यात लढवल्या गेलेल्या काळ्या शिपायांवरचे आहे. आणि शेवटच्या वर्षातले, एका गिटारवर गायलेले मुक्तीचे गाणेही आहे. त्यात गार्वींच्या १९३७ च्या भाषणातला विचार आहे. शरीराची बेडी दुसरा तोडेल, मनाची गुलामी मात्र आपली आपणच तोडायची. धम्मपदाची सुरुवातही मनापासूनच होते. म्हणून हे गाणे ऐकताना आम्हाला ते परदेशातले वाटत नाही. ज्यांनी काट्या काढून टाकायच्या ठरवल्या होत्या त्यांच्याही हातून एवढे बीज राहून गेले.

म्हणून 'लेजंड' ऐकू नये असे आम्ही म्हणणार नाही. अवश्य ऐकावा. तो नसता तर मार्ली भंडाऱ्यापर्यंत आलाही नसता. पण त्याला दार समजावे, घर समजू नये. पवनीच्या जगन्नाथ टेकडीला लोक कित्येक पिढ्या नुसती टेकडी म्हणूनच ओळखत होते. १९६९-७० मध्ये उत्खनन झाले तेव्हा तिच्या पोटात स्तूप निघाला. जे वर दिसते तेवढ्यावर थांबलो असतो तर आपलाच इतिहास आपल्याला सापडला नसता.

आपला संग्रह आपण निवडू

हे सगळे आम्ही का सांगतो आहोत? कारण तीच चाळणी आज आपल्या गाण्यांना लागली आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ ला जन्मलेल्या वामनदादांनी १९४३ पासून पुढची साठ वर्षे गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली आणि गायली. त्यांत बाबासाहेबांचा गौरव आहे, तसा सत्तेला, सावकाराला आणि आपल्याच पुढाऱ्यांना विचारलेला जाबही आहे. मिरवणुकीच्या डीजेवर त्यांतली किती वाजतात? जी वाजतात ती ठेक्यासाठी निवडलेली. गौरव राहतो, जाब गळतो. गीतकाराचे नाव तर कोणी घेतच नाही. गोऱ्या श्रोत्यांसाठी कंपनीने मार्लीचे जे केले, ते आपण आपल्याच हातांनी आपल्या कवींचे करतो आहोत.

आणि आपला जिल्हा नुसत्या डोलण्यावर भागवू शकेल असा नाही. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघाने बाबासाहेबांना पराभूत केले. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या मातीत ज्या पोराला गाण्यातून फक्त आनंद मिळाला आणि प्रश्न मिळाला नाही, त्याला आपण अर्धेच गाणे दिले असे आम्ही मानतो. आनंद हवाच. मार्लीची प्रेमगीतेही खरी आहेत, आणि दिवसभर राबलेल्या माणसाला नाचण्याचा हक्क आहे. पण त्याच कार्यक्रमात एक गाणे असे असावे, की जे ऐकून घरी जाताना पोरगा बापाला काहीतरी विचारेल.

आमची सूचना साधी आहे. येत्या १५ मेच्या आधी प्रत्येक विहाराने आपली चौदा गाणी ठरवावीत. सात नाचायची, सात विचार करायला लावणारी. प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचे आणि गायकाचे नाव माइकवरून सांगावे. यादी करताना म्हाताऱ्या माणसांना विचारावे, कारण कॅसेटवर न आलेली कितीतरी गाणी त्यांच्या ओठांवर आहेत. ती मोबाइलमध्ये टिपून ठेवावीत. आणि चौदांत एखादी जागा उरलीच, तर तिथे नाइन माइलच्या त्या पोराचे मुक्तीचे गाणे लावावे, अर्थ मराठीत सांगून.

आपल्या विहाराची यादी ठरली की आम्हाला कळवा. आम्ही ती इथे छापू, गीतकारांच्या नावांसह.

जय भीम.